झांज पायाशी पडली होती

उदगीरच्या एका पोरानं विचारलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "आमचा आजोबांपासूनचा बँड आहे, मी ऑल्टो सॅक्सोफोन वाजवतो. गेल्या वर्षी 'व्हिपलॅश' बघितला. तेव्हापासून रोज सात-आठ तास बसतो. खालचा ओठ आतून फाटलाय, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करून परत बसतो. मास्तर, जॅझवाल्यांचं सिनेमात दाखवतात ते खरं असतं का? एवढं सोसल्याशिवाय येतच नाही का? आणि शिकायला म्हणून कोणते सिनेमे बघू?"

बाळा, आधी ओठाचं बोलू. सॅक्सोफोन आजच पेटीत ठेव, आठ दिवस काढू नको. ओठ आतून फाटतो तो रियाजानं नाही, चावल्यानं. वरचा सूर निघेना की आपण जबडा आवळतो आणि खालच्या दातांची धार ओठात रुतते. वरातीत वाजवणाऱ्या आपल्या सगळ्यांना ही खोड लागते. शेजारी जनरेटर, पुढच्या चौकात दुसऱ्या वरातीचा डीजे, स्वतःचा सूर स्वतःलाच ऐकू येत नाही, मग माणूस सगळा जोर जबड्यात आणतो. जोर पोटातून यावा. ओठांचे कोपरे घट्ट आणि खालचा ओठ म्हणजे नुसती गादी. रीड, म्हणजे माऊथपीसला लावायची ती वेताची पट्टी, किती नंबरची लावतोस ते तू लिहिलं नाहीस; नंबर जेवढा मोठा तेवढी ती कडक. आवाज मोठा निघावा म्हणून बँडवाले साडेतीनची लावतात, तुला अडीचची पुष्कळ झाली. आठ-दहा दिवसांत जखम भरली नाही तर दाताच्या डॉक्टरला दाखव.

आता सिनेमाकडं येतो. मी परभणीकडचा. बाप साइड ड्रम वाजवायचा, मी अकराव्या वर्षी क्लॅरिनेट धरलं आणि पुढं ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोनवर आलो. जॅझ कानावर पडलं ते तेव्हाच्या औरंगाबादेत. गुलमंडीच्या बाजूला एका कॅसेटवाल्याकडं चार्ली पार्कर या अमेरिकन ऑल्टोवाल्याची एक कॅसेट कोण जाणे कशी येऊन पडली होती. मला वाटलं टेप फास्ट फिरतोय, म्हणून मी ती परत करायला गेलो होतो. तेव्हा जॅझचा मी काही पंडित नाही. पण अडतीस वर्षं फुंकून पोट भरलेला माणूस पडद्यावर दुसऱ्या फुंकणाऱ्याला बघतो तेव्हा त्याला जे दिसतं, ते सांगू शकतो.

'व्हिपलॅश' मी दोनदा बघितला. पहिल्यांदा घाम फुटला, दुसऱ्यांदा राग आला. सिनेमा जबरदस्त बांधलाय, त्यात वादच नाही. डेमियन शाझेल या दिग्दर्शकानं तो एकोणीस दिवसांत चित्रित केला, तो स्वतः शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा, आणि मास्तरचं काम करणाऱ्या जे. के. सिमन्सला ऑस्कर मिळालं. पण तो संगीताचा सिनेमाच नाही, कुस्तीचा आहे. लाल मातीच्या जागी ड्रम ठेवलेत एवढंच. वस्ताद पोराला घोळसतो, पोरगं रक्त सांडतं, शेवटी वस्तादालाच चितपट करतं. सगळ्या सिनेमात कुणी कुणाचं वाजवणं मन लावून ऐकतंय असं मला फारसं दिसलं नाही. मास्तर ऐकतो तो चूक पकडायला, पोरगं ऐकतं ते आपला नंबर राहतो का जातो ते बघायला.

त्यात मास्तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, तीच तुझ्या डोक्यात बसलीय. चार्ली पार्कर पोरसवदा असताना वाजवताना चुकला, तेव्हा ड्रमवाल्या जो जोन्सनं झांज अशी फेकून मारली की डोकंच उडायचं. पार्कर रडत घरी गेला, रियाजाला बसला आणि वर्षानं 'बर्ड' (हे त्याचं टोपणनाव) होऊन परत आला. म्हणजे काय, तर झांज मारली नसती तर बर्ड झालाच नसता.

खरी गोष्ट अशी. साल १९३६ च्या आसपास, कॅन्सस सिटीचा रीनो क्लब, रात्री उशिराची जॅम बैठक, म्हणजे तालीम न करता मिळून वाजवणं. पार्कर सोळा वर्षांचा, वाजवता वाजवता वाट चुकला. जो जोन्सनं झांज काढून त्याच्या पायाशी जमिनीवर आदळली. आपण बेसूर गाणाऱ्याला टाळ्या वाजवून खाली बसवतो तसंच ते. अपमान झाला, लोक हसले, पण डोकंबिकं कुणी फोडायला निघालं नव्हतं. आणि सिनेमावाले पुढचं सांगतच नाहीत. १९३७ च्या उन्हाळ्यात पार्कर ओझार्कच्या डोंगराळ भागात एका बँडबरोबर नोकरीला गेला. सोबत काउंट बेसीच्या बँडच्या तबकड्या घेऊन गेला, त्यात लेस्टर यंगचा सॅक्सोफोन होता. त्या तबकड्या ऐकून ऐकून त्यानं लेस्टरचा एकेक तुकडा तोंडपाठ केला. उन्हाळा संपवून परतला तो वेगळाच माणूस होऊन.

तास त्यानं मोजून घातले, हे खरं आहे. १९५४ साली पॉल डेझमंडनं, तोही ऑल्टोवालाच, त्याची मुलाखत घेतली. त्यात पार्कर सांगतो की तीन-चार वर्षं तो दिवसाला किमान अकरा ते पंधरा तास वाजवायचा आणि शेजारी इतके वैतागले होते की त्याच्या आईला घर बदला म्हणायच्या बेतात होते. पण त्या तासांत तो करत काय होता ते बघ. आधी दुसऱ्याचं ऐकायचं, मग ते बोटात आणायचं. झांजेचा आवाज एक क्षण, लेस्टरच्या तबकड्यांचा आवाज एक अख्खा उन्हाळा. सिनेमाला क्षण परवडतो, उन्हाळा परवडत नाही. डोंगरातल्या खोलीत एक पोरगं तीच तबकडी चाळिसाव्यांदा लावतंय, हे दोन तास कोण बघणार?

माझी तक्रार ही एवढीच, आणि पुढं जे सांगणार आहे ते सगळं हिच्यातूनच निघतं. सिनेमा जॅझवाल्याचा जीव दाखवतो, हात दाखवतो, घाम, रक्त, सुई, बाटली सगळं दाखवतो. त्याचा कान दाखवत नाही. आणि जॅझ तर सगळं कानाचंच काम. बारा बारांचं किंवा बत्तीस बारांचं एक आवर्तन असतं (बार म्हणजे बहुधा चार मात्रांचा एक खण), सुरांच्या जोडण्या ठरलेल्या असतात, आवर्तन फिरत राहतं आणि त्याच्यावर ज्याची पाळी त्यानं जागच्या जागी नवं रचायचं. बाकीचे नुसते ठेका धरून बसत नाहीत. तू काय म्हणालास ते ऐकून पियानोवाला उत्तर देतो, ते उत्तर ऐकून तू पुढचं वाक्य बदलतोस. तुळजापूरला गोंधळाला उभा राहिलास तर हे तुला लगेच कळेल. संबळवाला गोंधळ्याच्या तोंडाकडं बघत असतो, कथा कुठं वळणार ते त्याला शब्दाच्या आधी कळतं आणि टिपरी तिथं आधीच जाऊन थांबलेली असते.

नशेचं तू विचारलं नाहीस, पण कोणताही जॅझ सिनेमा लावलास की ते येणारच. पार्करवर क्लिंट ईस्टवुडनं १९८८ साली 'बर्ड' काढला. फॉरेस्ट व्हिटेकरला त्यातल्या कामासाठी फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. आपल्या धंद्याच्या दृष्टीनं बघण्यासारखं काय, तर पार्करच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून त्याचा सॅक्सोफोन तेवढा वेगळा काढला आणि भोवती नव्या वादकांकडून ताजी साथ वाजवून घेतली. म्हणजे तेहतीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला जिवंत माणसं साथ करतायत! त्या सिनेमाला ध्वनीचं ऑस्कर मिळालं ते उगीच नाही. पण त्यातही झांज आहेच, हवेत गिरक्या घेत पुन्हा पुन्हा येते. अडीच तासांचा अंधार आणि पाऊस. पार्कर १२ मार्च १९५५ ला गेला, वय चौतीस. तपासणाऱ्या डॉक्टरनं देह बघून वय पन्नाशीच्या पुढचं लावलं. हे सगळं खरं. पण त्याचं हसणं, दुसऱ्याच्या नकला करणं, कोणतंही गाणं मध्येच दुसऱ्या गाण्यात खुपसून श्रोत्यांची फिरकी घेणं, हे त्या मानानं थोडकंच आलंय.

आणि सिनेमे निवडतात कुणाला ते बघ. क्लिफर्ड ब्राउन नावाचा ट्रम्पेटवाला होता. नशेला शिवला नाही, सगळ्यांशी गोड, १९५६ साली पंचविसाव्या वर्षी मोटार अपघातात गेला. अर्धे ट्रम्पेटवाले आजही त्याचंच वाजवतात. पण त्याच्यावर कोण सिनेमा काढणार? ड्यूक एलिंग्टननं पन्नास वर्षांच्या आसपास एक बँड चालवला, माणसं सांभाळली, दौरे केले, रोज काहीतरी लिहिलं. त्याचाही 'बर्ड'सारखा सिनेमा नाही. पन्नास वर्षं पंधरा-सोळा वाजवणाऱ्यांचे रुसवेफुगवे सांभाळणं काय असतं ते तुझ्या आजोबांना विचार, ते म्हणतील याच्यापुढं सुई सोपी. टेनर सॅक्सोफोनवाल्या सनी रोलिन्सचं तर मला फारच आवडतं. नाव झालेलं, मागणी असलेली, आणि १९५९ साली त्यानं जाहीर वाजवणं बंद केलं. आपलं अजून पक्कं नाही म्हणाला. शेजारी एक गरोदर बाई राहायची, तिला त्रास नको म्हणून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन वाजवायला लागला. १९६१ पर्यंत, उन्हात, थंडीत, खालून आगगाड्या आणि बोटी. मी हे वाचलं तेव्हा मला आमचा आखाडा, म्हणजे रानातली वस्ती, आठवला. गावात क्लॅरिनेट काढलं की म्हातारी माणसं ओरडायची, म्हणून मी शेतातल्या आखाड्यावर जाऊन ज्वारीला ऐकवायचो. रोलिन्सच्या पुलावर कुणी शिव्या घालणारा मास्तर नव्हता, हे तू लक्षात घे.

आपल्याकडंही हेच आहे म्हणा. 'पिंजरा'तला मास्तर तमाशाच्या वाटेला गेला की त्याचं वाटोळं झालंच. 'नटरंग'मधला गुणा नाच्या झाला की घर तुटलंच. कलावंत दाखवायचा तर तो उद्ध्वस्त झाला पाहिजे, असं लोकांनी ठरवूनच टाकलंय. सुखानं म्हातारा झालेला ढोलकीवाला कुणाला बघायचाय?

तरी नशा होती, आणि आपल्यातही आहे. ती का होती हे सिनेमा सांगत नाही, तिथं मला चीड येते. न्यूयॉर्कमध्ये दारू मिळते अशा ठिकाणी वाजवायचं तर पोलिसांनी दिलेलं 'कॅबरे कार्ड' लागायचं, थेट १९६७ पर्यंत. एकदा गुन्हा नोंदला की कार्ड गेलं, आणि कार्ड गेलं की त्या शहरातली मोक्याची कामं बंद. पियानोवाल्या थेलोनियस मंकचं १९५१ ला गेलं, सहा वर्षं. गायिका बिली हॉलिडेचं १९४७ च्या शिक्षेनंतर गेलं ते गेलंच. जिचा आवाज ऐकायला लोक रांगा लावायचे, तिला तिच्याच शहरातल्या क्लबात गाता येईना. आता सिनेमात सुई दंडात जाताना अगदी जवळून दिसते, हे कार्ड किती वेळा दिसतं? सुई ही माणसाची चूक म्हणून दाखवता येते. कार्ड दाखवलं तर कुणाचं तरी नाव घ्यावं लागतं.

आमच्या पथकात एक ट्रम्पेटवाला होता. नाव सांगत नाही, त्याची पोरं आहेत. असा गोड फुंकायचा की नवरीचा बाप आपलं रडणं थांबवून ऐकत उभा राहायचा. दारूनं गेला. लोक म्हणाले, कलावंत माणूस, मनाला लावून घ्यायचा. मनाला काही लावून घेत नव्हता तो. संध्याकाळी सहाची वरात रात्री दहाला निघायची. तोवर आम्ही मांडवाच्या मागं, चपलांच्या ढिगाशेजारी. जेवायला शेवटची पंगत, तीही पत्रावळ्या उरल्या तर. नाचणारी पोरं वीस रुपयांची नोट कपाळाला चिकटवायची आणि नोट संपली की बाटली पुढं करायची, "मास्तर, एक घोट आणि नागीण". रात्री दोन वाजता रिकाम्या पोटी, पौष-माघाच्या थंडीत, तिसऱ्यांदा नागीण वाजवणारा माणूस नाही म्हणेल? तिकडं अमेरिकेत काळ्या वादकांना ते ज्या हॉटेलात वाजवणार तिथंच स्वयंपाकघराच्या दारानं आत घ्यायचे, बसायला गिऱ्हाइकांत जागा नसायची. मराठवाड्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. हलगी कुणी वाजवायची आणि ओट्याच्या खाली कुणी उभं राहायचं हे आपल्याला जन्मापासून माहीत. औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाच्या आवारात साठीच्या दशकातच अमेरिकेतल्या काळ्या लेखकांविषयी बोललं जात होतं. त्यांचं साहित्य आपल्यापर्यंत पोचलं. त्यांचा बाजा मात्र तसा पोचला नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं, कारण बाजा तर आपल्या गल्लीतच होता.

न्यू ऑर्लिन्समध्ये जॅझ उगवलं ते क्लबच्या निळ्या धुरात नाही. ते उगवलं रस्त्यावर, ब्रास बँडमध्ये. लष्करी बाजाची वाद्यं, क्लॅरिनेट, कॉर्नेट, ट्रॉम्बोन, मोठा ढोल, ही गरीब काळ्या वस्तीत आली आणि तिथल्या माणसांनी लष्कराचा ठेका वाकवला. आपल्याकडं इंग्रजांच्या छावण्यांतली तीच वाद्यं वरातीत आली. आजही आपली वाद्यं मेरठच्या जली कोठीतून येतात. दोन्ही बँड एकाच फौजी बापाची लेकरं आहेत. तिथं मयताला बँड लागतो. जाताना संथ भजनाच्या चालीत जातात आणि मूठमाती दिली की येताना नाचत येतात. आमच्या पथकानंही 'रघुपती राघव' वाजवत कितीतरी म्हाताऱ्यांना पोचवलंय. येताना आपण गप्प येतो, एवढाच फरक. बडी बोल्डन म्हणून कॉर्नेटवाला तिथं पहिला राजा मानतात. १९०७ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात घातलं, १९३१ ला तिथंच गेला, आणि त्याच्या वाजवण्याची एकही तबकडी उरलेली नाही. त्याच्यावर २०१९ ला सिनेमा आला, 'बोल्डन'. विंटन मार्सालिस या ट्रम्पेटवाल्यानं अंदाजानं त्याचा बाजा उभा केलाय. तुझ्यासारख्या घरच्या बँडवाल्यानं तो बघावा, गोष्टीसाठी नाही, नुसत्या त्या आवाजासाठी. तुझे आजोबा ओळखतील.

आता पडद्यावरचा वाजवणारा खरा की खोटा ते कसं ओळखायचं? हा माझा आवडीचा उद्योग आहे, बायको यामुळं माझ्याबरोबर सिनेमा बघत नाही. सॅक्सोफोनला डावा हात वर, उजवा खाली. आपल्या जुन्या हिंदी सिनेमांत पार्टीच्या गाण्यात कितीतरी वेळा उलटा धरलेला दिसेल. डाव्या अंगठ्याखाली सप्तकाची चाबी असते. सूर वर उडी मारतो आणि अंगठा मेल्यासारखा पडलेला असतो, म्हणजे सोंग. गळ्यातला पट्टा सैल लोंबतोय, म्हणजे वाद्याचं वजन कुणी पेललेलंच नाही. सगळ्यात मोठी खूण श्वासाची. तान सुरू व्हायच्या आधी छाती आणि पोट भरावं लागतं, तोंडाचे कोपरे किंचित उघडतात. नट फुंकल्याचा आव आणतात, पण श्वास घ्यायला विसरतात. गाल फुगवणं मात्र खोटंच असतं असं नाही. डिझी गिलेस्पी बेडकासारखे गाल फुगवायचा आणि जगातल्या उत्तम ट्रम्पेटवाल्यांत मोडायचा. तू फुगवू नको.

या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण एका कार्टूनला आहेत. २०२० चा 'सोल'. जॉन बटिस्ट पियानोवर वाजवत असताना त्याची बोटं चित्रित करून घेतली आणि त्याबरहुकूम चित्रातली बोटं हलवली; ज्या पट्टीवर बोट पडतं तोच सूर येतो. शिवाय त्यातला नायक शाळेत बँड शिकवणारा मास्तर आहे. आयुष्यभर वाट बघितलेला कार्यक्रम एकदाचा होतो, आणि बाहेर रस्त्यावर तो सॅक्सोफोनवालीला विचारतो, आता पुढं काय? ती म्हणते, उद्या रात्री परत यायचं आणि हेच करायचं. मी एकटाच मोठ्यानं हसलो. जॅझच्या सिनेमात आपल्या धंद्याविषयी बोललेलं सगळ्यात खरं वाक्य ते.

हिंदीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं जॅझवाला बहुधा मागं उभा असतो. १९३५ साली लिऑन अॅबी आपला काळ्या वादकांचा बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला, मग पियानोवाला टेडी वेदरफोर्ड आला, आणि गोव्याच्या पोरांनी त्यांचं ऐकून उचललं. ती पोरं चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली, लिहिलेलं वाचून वाजवणारी. १९४९ च्या दारूबंदीनं मुंबईच्या क्लबांचं कंबरडं मोडायला घेतलं आणि त्यांना स्टुडिओचा आधार झाला. हिंदी गाण्यांतले ट्रम्पेट, सॅक्सोफोन, त्यांच्या जुळण्या, बराचसा हात त्यांचा. पाटीवर नाव यायचं संगीतकाराचं. चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवाला, मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ. भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे त्याला. १९५१ च्या 'अलबेला'त तो आणि त्याचा बँड चक्क पडद्यावर दिसतो. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्याच्या चितळकरांचं, आपल्या वैजापूरपासून ते गाव काय लांब आहे! गोदाकाठचा मराठी माणूस, गोव्याचा ट्रम्पेट आणि भगवानदादांचा ठेका, आणि त्या गाण्यांवर अजून वरात हलते. तू 'शोला जो भडके' शंभरदा वाजवलं असशील. म्हणजे जॅझ तुझ्या बोटांत कधीपासून आहे, फक्त तुला कुणी सांगितलं नव्हतं. वादकांची स्वतःची बाजू बघायची असेल तर कोंकणी 'नाचूंया कुंपासार' शोध. मुंबईतल्या गोवेकर बँडवाल्यांचं जग, गाणी ख्रिस पेरीची, उत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आहे त्याला.

राहिलं, शिकायला काय बघायचं ते. तीनच सांगतो, तिन्हीत लेस्टर यंग आहे, कुठं अंगानं, कुठं सावलीनं. हा तोच, ज्याच्या तबकड्या पार्करनं डोंगरात नेल्या होत्या.

पहिला, 'जॅमिन द ब्लूज', १९४४ चा, जेमतेम दहा मिनिटांचा, ज्यॉन मिली या छायाचित्रकारानं केलेला. सुरुवातीला नुसती गोल वलयं दिसतात, मग ती वलयं वर उचलली जातात आणि कळतं की ती हॅट होती, खाली लेस्टर आहे. घाई नाही, जबडा सैल, ओठ निवांत. तुझ्या ओठाचं औषध या दहा मिनिटांत आहे. याच्यात एकटा गोरा वादक होता, बार्नी केसेल, गिटारवाला. काळ्या-गोऱ्यांना एका चौकटीत दाखवायची तिथं भीती, म्हणून त्याला सावलीत बसवलंय. पुढं कधी कुणी म्हणालं की संगीताला जात नसते, तर त्याला हे सांग.

दुसरा, 'राउंड मिडनाइट', १९८६, दिग्दर्शक बर्ट्रांड टाव्हर्निए. पॅरिसमध्ये राहणारा थकलेला सॅक्सोफोनवाला, लेस्टर यंग आणि पियानोवाला बड पॉवेल या दोघांच्या आयुष्यावरून बेतलेला. इथं नट नाहीच. डेक्स्टर गॉर्डनला घेतलं, जो स्वतः टेनरवाला, स्वतः वर्षानुवर्षं युरोपात राहिलेला. वाजवणं तिथल्या तिथं, चित्रण चालू असतानाच मुद्रित केलं. गॉर्डनला ऑस्करचं नामांकन मिळालं, हर्बी हॅनकॉकला संगीताचं ऑस्कर मिळालं. दारू इथंही आहे, पडणं-झडणंही आहे. पण गॉर्डन वाजवत नसतो तेव्हा हॅनकॉककडं बघ. पियानोच्या पट्ट्यांकडं त्याची नजर नसते. गॉर्डन वाक्य अर्धं सोडतो, आणि तो ते उचलू का नको असा क्षणभर थांबतो. हे तालमीत शिकवून येत नाही. हा सिनेमा एकदा आवाज बंद करून बघ आणि एकदा डोळे मिटून.

तिसरा सिनेमा नाहीच. ८ डिसेंबर १९५७ ला अमेरिकेच्या टीव्हीवर 'द साउंड ऑफ जॅझ' नावाचा कार्यक्रम झाला. त्यात बिली हॉलिडे एका उंच स्टुलावर बसून गाते, भोवती अर्धगोलात वादक. तिला १९४७ च्या 'न्यू ऑर्लिन्स' सिनेमात काय काम दिलं होतं ठाऊक आहे? मोलकरणीचं. इथं ती बिलीच आहे. एकेक वादक उठून आपलं आवर्तन वाजवतो. लेस्टर आजारी होता, बाकीच्या वेळी बसूनच असायचा. आपल्या पाळीला उठतो आणि बारा बारांचं एकच आवर्तन वाजवतो. सूर किती? मोजशील. तुझ्या एका नागिणीत जेवढे जातात त्याच्या निम्मेही नाहीत. कॅमेरा तेव्हा बिलीवर आहे. ती मान हलवते, हसल्यासारखं करते, डोळे त्याच्यावरून हलत नाहीत. जुनी मैत्री होती दोघांची, मध्ये बरीच वर्षं दुरावा आला होता. त्याचा एकेक सूर तिच्या चेहऱ्यावर उतरताना दिसतो. सिनेमा कान दाखवत नाही असं मी वर म्हणालो ना, इथं दिसतो. १९५९ च्या मार्चमध्ये लेस्टर गेला, जुलैमध्ये ती.

ते आवर्तन तू बसव. सॅक्सोफोनवर नाही, आधी गळ्यात. मोबाइलवर वेग निम्मा कर, आंघोळीला, गाडीवर, कुठंही गुणगुण, श्वास तो जिथं घेतो तिथंच घे. त्याचा टेनर, तुझा ऑल्टो, म्हणून पट्टी बदलेल, तिची काळजी आत्ता करू नको. आठ दिवसांनी ओठ भरला की वाद्य काढ. पहिले पंधरा दिवस पाऊण तास आणि मग विश्रांती, दिवसात असे दोनदाच. पहिली वीस मिनिटं नुसते लांब सूर, हळू आवाजात, शेजारच्या खोलीतल्या माणसाला कळू नये इतक्या. मोठ्यानं वाजवणं तुला येतंच, तुझ्या धंद्यानं शिकवलंय.

आणि पेटी बंद करण्याआधी रीड काढून, पुसून वेगळी ठेव. तुम्ही पोरं ती माऊथपीसलाच ठेवता, आठ दिवसांत बुरशी धरते, आणि मग तीच फाटक्या ओठाला लागते.